झिर्कोनियम : एका अशुद्धीचा इतिहास

एखाद्या धातूचे भवितव्य तिच्या स्वतःच्या गुणांपेक्षा तिच्यात दडलेल्या दुसऱ्या धातूवरून ठरावे, असे क्वचितच घडते. झिर्कोनियमच्या बाबतीत मात्र ते घडले.

क्लाप्रोट ह्या जर्मन रसायनज्ञाने १७८९ मध्ये सिलोनच्या झिर्कॉन खड्यांतून ह्या मूलद्रव्याचे ऑक्साइड प्रथम ओळखले. बर्झेलियसने १८२४ मध्ये धातू मिळविली, पण ती काळी भुकटी होती. तंतुक्षम, ठोकून वाकविता येणारी धातू हाती येण्यास १९२५ साल उजाडावे लागले. आइंडहोव्हेन येथे व्हान आर्केल व द बूर ह्यांनी झिर्कोनियम आयोडाइडाची वाफ तप्त तारेवर विघटित करून तिचे स्फटिकमय गज वाढविले. तोवर ठिसूळ समजली जाणारी ही धातू वस्तुतः मऊ आहे, ठिसूळपणा तिच्यातील ऑक्सिजन-नायट्रोजनाचा, हे तेव्हा स्पष्ट झाले.

तत्पूर्वी दोनच वर्षे, १९२३ मध्ये, कोपनहेगन येथे कोस्टर व हेवेशी ह्यांनी क्ष-किरण वर्णपटाच्या साहाय्याने झिर्कॉनमध्ये ७२ अणुक्रमांकाचे हाफ्नियम शोधले होते. लँथॅनाइड आकुंचनामुळे दोहोंच्या आयनांच्या त्रिज्या जवळजवळ सारख्या असतात. म्हणूनच रासायनिक पृथक्करणात शतकाहून अधिक काळ हे जोडमूल कोणाच्या नजरेस पडले नाही. रसायनज्ञ ज्याला शुद्ध झिर्कोनियम म्हणत, त्यात सुमारे दोन टक्के हाफ्नियम असेच. त्याने कोणाचे अडतही नव्हते.

अडले ते अणुभट्टीत. इंधनावरील आवरणासाठी उष्ण पाण्यात टिकणारी, पण न्यूट्रॉन न गिळणारी धातू हवी होती. झिर्कोनियमचा शोषण-काटछेद उपलब्ध मापनांनुसार मोठा दिसत असल्याने ती बाद ठरली होती. मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील कॉफमन व ओक रिजमधील पोमरन्स ह्यांच्या कार्यातून १९४७ च्या सुमारास ह्या आकड्याचे रहस्य उलगडले. हिशेब साधा आहे. शुद्ध झिर्कोनियमचा काटछेद सुमारे ०·१८ बार्न, हाफ्नियमचा सुमारे १०४ बार्न. वजनी दोन टक्के म्हणजे अणुसंख्येने सुमारे एक टक्का हाफ्नियम. तेवढ्यानेच मिश्रणाचा काटछेद १·२ बार्नच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सातपट होतो. मापन चुकले नव्हते; मापलेला पदार्थ निराळा होता.

ह्या इतिहासाचे श्रेय बहुधा अमेरिकन आरमारातील रिकोव्हर ह्यांच्या निर्धाराला दिले जाते. निर्धार होता, ह्यात शंका नाही. पण प्रस्तुत लेखकास त्या एका दुरुस्त झालेल्या आकड्याचे महत्त्व अधिक वाटते. तो आकडा नसता, तर निर्धार कशाविषयी करावयाचा? पुढे ओक रिज येथे द्रव-निष्कर्षणाने हाफ्नियम वेगळे काढण्याची रीत सिद्ध झाली, ऑरेगॉनमधील ऑल्बनी येथे क्रोल ह्यांच्या मॅग्नेशियम-क्षपण पद्धतीने धातू मोठ्या प्रमाणावर होऊ लागली, आणि १७ जानेवारी १९५५ रोजी 'नॉटिलस' पाणबुडी अणुशक्तीवर निघाली. वेगळे काढलेले हाफ्नियमही वाया गेले नाही. न्यूट्रॉन गिळण्याच्या त्याच दोषामुळे ते नियंत्रक दांड्यांसाठी उपयोगी पडले.

मिश्रधातूंची कथाही अशुद्धींचीच आहे. नायट्रोजनामुळे वाढणारे क्षरण आवरण्यासाठी कथील मिसळण्यात आले. एका ओतीत अपघाताने स्टेनलेस पोलाद मिसळले गेले आणि तिचा क्षरणरोध अधिक चांगला निघाला. लोह, क्रोमियम व निकेल असलेली झिर्कॅलॉय-२ त्यातून आली. पुढे निकेलामुळे हायड्रोजनाचे शोषण वाढते असे आढळून ते वगळले, ती झिर्कॅलॉय-४. तारापूरच्या १९६९ मध्ये सुरू झालेल्या उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांत इंधनाला झिर्कॅलॉय-२ चेच आवरण होते. अणुभट्टीसाठी लागणारी ही धातू १९७१ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या अणुइंधन संकुलात होते. तेथे झिर्कॉन वाळूतील हाफ्नियम ट्रायब्यूटिल फॉस्फेटाच्या साहाय्याने दूर केले जाते.

ॲसेटिक आम्लाच्या व युरियाच्या कारखान्यांत क्षरणरोधक म्हणून वापरतात त्या झिर्कोनियममधून मात्र हाफ्नियम काढण्याची गरज नसते. तेथे साडेचार टक्क्यांपर्यंत ते चालते.