गाठ सोडून शिकलेली माणसं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून ठेवतोय. बोलल्यासारखाच आहे, थोडा नीट करून.

आजची गोष्ट एका पिसाची आहे. भीमाशंकर, महाबळेश्वर किंवा कोयनेच्या बाजूला पहाटे ट्रेकला गेला असाल तर झाडीतून खडखडीत आवाजात ओरडणारा करडा रानकोंबडा ऐकला असेल. दिसतो क्वचितच. त्याच्या मानेवरच्या पिसांवर, अगदी टोकाशी, पिवळट पांढरा चकचकीत ठिपका असतो. कुणीतरी लाखेचा थेंब टाकून वाळवलाय असं वाटतं. तर सह्याद्रीतल्या आणि दक्षिणेतल्या जंगलांतल्या या पक्ष्याचं पीस इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या मासे पकडणाऱ्यांना इतकं हवंहवंसं होतं, की त्यांच्या जुन्या पुस्तकांमध्ये पानोपानी ‘जंगल कॉक’ असा उल्लेख सापडतो. का? तर गळ सजवायला!

थांबा, हे नीट सांगतो. आपल्याकडे गळाला गांडूळ, कणकेची गोळी किंवा कोळंबी लावतात. फ्लाय फिशिंगमध्ये खरं आमिष नसतंच. बारीक गळावर दोरा, लोकर आणि पिसं बांधून नकली किडा तयार करतात. त्याला म्हणतात ‘फ्लाय’, म्हणजे माशी. आणि ती बांधण्याची कला म्हणजे फ्लाय टायिंग. वरवर साधा छंद आहे. पण यापायी जंगलं रिकामी झालीत, एका म्युझियमची खिडकी फुटलीय, आणि याच छंदाने युद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे हातही पुन्हा चालते केलेत. एकाच छंदात या दोन्ही टोकांच्या गोष्टी कशा काय, हा आजचा प्रश्न.

सुरुवात मॅसेडोनियातून करू. इसवी सन २०० च्या आसपास एलियन नावाचा एक रोमन लेखक होता. प्राण्यांबद्दलच्या त्याच्या पुस्तकात एक छोटासा उतारा आहे. अॅस्ट्रेअस नावाच्या नदीत ठिपकेवाले मासे असतात आणि ते पाण्यावर उडणाऱ्या एका विशिष्ट माशीवर झडप घालतात. तिथल्या कोळ्यांनी ती खरी माशी गळाला लावून बघितली. पण माणसाचा हात लागला की तिचा रंग जायचा, पंख गळायचे, मासा ढुंकून बघायचा नाही. मग त्यांनी डोकं लढवलं. गळाला लाल लोकर गुंडाळली आणि कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसं बांधली. त्या पिसांचा रंग एलियनने सांगितलाय तो मेणासारखा. सहा फुटी काठी, सहा फुटी दोरी. झालं काम!

यातलं सामान बघा. लोकर आणि कोंबडीचं पीस, म्हणजे घरात आणि अंगणात पडलेली वस्तू. सुरुवात ही अशी होती.

आता उडी मारू थेट १४९६ मध्ये. वेस्टमिन्स्टरमध्ये विंकिन द वर्ड नावाचा छापखानेवाला गळाने मासे धरण्यावरचा एक लेख छापतो. लेखक म्हणून डेम ज्युलियाना बर्नर्स या बाईंचं नाव परंपरेने घेतलं जातं, त्यावर वाद आहेत, ते सोडू. महत्त्वाचं हे की त्यात महिन्यांप्रमाणे बारा फ्लाय दिल्यात. मार्चमध्ये ही, मेमध्ये ती. कारण नदीवर प्रत्येक महिन्यात वेगळा किडा निघतो. सामान काय? लोकर, तित्तिराचं पीस, बदकाचं पीस, मोरपिसाचा एखादा धागा. आणि गळ विकत आणायचा नाही बरं का, शिवणाची सुई तापवून, वाकवून घरीच करायचा, तेही लिहिलंय. आजच्या भाषेत हा पहिला डीआयवाय ट्यूटोरियल!

पुढे १६५३ मध्ये आयझॅक वॉल्टनचं ‘द कम्प्लीट अँगलर’ आलं, खूप गाजलं. पण फ्लायच्या बाबतीत वॉल्टनची जाण बेताची होती. १६७६ च्या आवृत्तीत त्याचा मित्र चार्ल्स कॉटन याने तो भाग लिहून दिला. ज्याला जे येतं त्याने ते सांगावं, इतकं सरळ.

मग गाडी रुळावरून घसरली कुठे? एकोणिसाव्या शतकात. ब्रिटिश साम्राज्य जगभर पसरलं आणि जगभरातली पिसं लंडनच्या लिलावात येऊन पडायला लागली. बायकांच्या टोप्यांवर अख्खे पक्षी बसवायची फॅशन होती. त्याच बाजारातून सॅमन मासा धरणाऱ्या श्रीमंतांच्या हातात ती पिसं आली. ‘जॉक स्कॉट’ नावाची एक प्रसिद्ध फ्लाय घ्या. तिच्यात टूकन, मकाव, मोर, माळढोकाच्या कुळातला पक्षी आणि बाजूला डोळ्यासारखा आपला रानकोंबडा. बोटाएवढ्या वस्तूत अर्धं जग! १८९५ मध्ये जॉर्ज केल्सनने ‘द सॅमन फ्लाय’ हे जाडजूड पुस्तक काढलं. अमुक पिसाच्या जागी तमुक चालणार नाही, असा त्याचा थाट. त्यातलं एक पीस ‘इंडियन क्रो’ नावाचं. गंमत म्हणजे तो पक्षी ना इंडियन, ना कावळा. तो दक्षिण अमेरिकेतला!

आणि खरी मेख पुढे आहे. अंडी घालायला समुद्रातून नदीत आलेला सॅमन जवळजवळ काही खातच नाही. तरी तो फ्लायवर झडप का घालतो, यावर आजही चर्चा चालते. पण टूकनचं पीस आहे की रंगवलेलं कोंबडीचं, याने त्याला फरक पडत नाही. म्हणजे हा सगळा थाट माशासाठी नव्हताच, माणसांनी एकमेकांना दाखवण्यासाठी होता. ओळखीचं वाटतंय ना? लाइक्स तेव्हाही होते, फक्त फोन नव्हता.

या पिसांच्या बाजाराविरुद्ध ब्रिटनमध्ये बायकाच उभ्या राहिल्या. १८८९ मध्ये त्यांनी सुरू केलेली संस्था आजची आरएसपीबी. १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारने रानपक्ष्यांची कातडी आणि पिसं बाहेर पाठवण्यावर बंदी घातली. ब्रिटनमध्ये पिसांची आयात रोखणारा कायदा व्हायला १९२१ उजाडलं. रानकोंबड्याची पिसं त्यानंतरही चोरवाटेने जात राहिली. आज आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं त्याला संरक्षण आहे.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या वर कॅट्सकिल्स नावाचे डोंगर आहेत. तिथे १९२० च्या दशकात रूब क्रॉस नावाचा आडदांड माणूस अतिशय नाजूक फ्लाय बांधायचा. रॉस्को गावातला वॉल्ट डेटी हा तरुण त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, मला शिकवा. क्रॉस म्हणाला, नाही. धंद्याचं गुपित होतं ना. मग डेटीने काय केलं? असं सांगतात की क्रॉसच्याच ५० डॉलरच्या फ्लाय विकत घेतल्या. त्या काळात ही काही लहान रक्कम नव्हती. वॉल्ट, त्याची बायको विनी आणि दोस्त हॅरी डार्बी तिघं बसले आणि एकेक फ्लाय उलटी सोडवत गेले. शेवटची गाठ आधी सोडायची, मग एकेक वेढा मोजत मागे जायचं. पीस कुठून धरलंय, दोरा किती वेळा फिरलाय, सगळं टिपायचं. आणि मग तशीच बांधून बघायची.

तुमच्यापैकी कुणी जुना रेडिओ किंवा मोबाइल खोलून शिकलं असेल त्याला हे लगेच कळेल.

पुढे डेटी कुटुंब आणि डार्बी कुटुंब दोन्ही नावाजली. विनी आणि मुलगी मेरी यांच्या हाताच्या फ्लायला तर मोठाच मान मिळाला. आणि ज्याने शिकवायला नकार दिला होता त्या रूब क्रॉसने १९३६ मध्ये काय केलं माहितीये? फ्लाय कशी बांधायची याचं पुस्तक लिहिलं! गुपित तसंही सुटलेलंच होतं.

हॅरी डार्बीचं आणखी एक काम आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायला कोंबड्याच्या मानेचं ताठ पीस लागतं, आणि त्यात धुरकट राखाडी रंग मिळणं फार अवघड. डार्बीने जंगल शोधलं नाही, अंगणात कोंबडे पाळले. वर्षानुवर्षं निवड करत तो रंग तयार केला आणि अंडी दुसऱ्या पाळणाऱ्यांना दिली. आज दुकानात फ्लायसाठी मिळणाऱ्या पिसांमागे त्या वंशाचाही वाटा आहे.

अशीच एक स्कॉटलंडची मेगन बॉइड. जन्म १९१५. वडलांच्या ओळखीच्या एका रखवालदाराने तिला लहानपणी धडा दिला तोही हाच: बांधलेली फ्लाय सोडव आणि तेच सामान वापरून आणखी लहान गळावर पुन्हा बांध. ती समुद्रकाठच्या छोट्या घरात आयुष्यभर फ्लाय बांधत राहिली. १९७१ मध्ये तिला ब्रिटिश सरकारचं पदक मिळालं. आणि स्वतः मासे धरण्यात तिला काडीचा रस नव्हता.

मग क्लबमध्ये नेमकं होतं काय? युरोप-अमेरिकेत गावोगावी असे क्लब आहेत. हिवाळ्यात नदीवर जाता येत नाही, तेव्हा आठवड्यातून एका संध्याकाळी लोक जमतात. लांब टेबल, प्रत्येकासमोर गळ घट्ट धरून ठेवणारा छोटा व्हाइस आणि दोऱ्याचं बॉबिन. नवीन माणसाला बहुतेक वेळा पहिली फ्लाय देतात ती ‘वूली बगर’. मऊ पिसांची शेपटी, जाड धाग्याचं अंग, वरून गोल फिरवलेलं कोंबड्याचं पीस. दिसायला झुपकेदार, चूक झाली तरी लपते.

आणि चुका ठरलेल्या असतात. दोरा जास्त ओढला की तटकन तुटतो, कमी ओढला की सगळं सामान गळाभोवती फिरतं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे उत्साहात पुढे पुढे बांधत जाणं. शेवटी गळाच्या डोळ्यापाशी डोकं बांधायला जागाच उरत नाही. शेजारचे आजोबा काय म्हणणार? ‘ब्लेड घे, सोडव, परत बांध.’ डेटी शिकला, मेगन शिकली, ती पद्धत हीच.

त्या शेपटीच्या पिसाला ‘मॅराबू’ म्हणतात. हे नाव एका करकोच्याचं आहे. पूर्वी खरंच त्याची पिसं वापरत. आज मॅराबू म्हणून मिळतं ते पाळीव टर्कीचं पीस. नाव राहिलं, पक्षी वाचला.

२००५ मध्ये वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात नौदलातून निवृत्त झालेल्या एड निकल्सन यांनी जखमी सैनिकांसाठी असंच टेबल मांडलं. इराक-अफगाणिस्तानातून हात-पाय गमावून आलेली पोरं होती ती. बोटांना व्यायाम आणि डोक्याला जरा शांतता मिळावी, एवढाच हेतू. त्यातून ‘प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स’ उभं राहिलं आणि अमेरिकेत ठिकठिकाणी पसरलं.

आणि आता दुसरं टोक. २४ जून २००९, रात्र. लंडनमध्ये संगीत शिकणारा एडविन रिस्ट हा विशीतला अमेरिकन बासरीवादक ट्रेनने ट्रिंग गावात उतरतो. तिथे नॅचरल हिस्टरी म्युझियमचा पक्ष्यांचा संग्रह आहे. लहानपणापासून व्हिक्टोरियन फ्लाय बांधण्यात तो उस्ताद होता, आधी येऊन सगळं बघूनही गेला होता. खिडकी फोडून आत शिरतो आणि सुटकेसमध्ये २९९ पक्षी भरून घेऊन जातो. म्युझियमच्या लक्षात यायला महिना लागला. २०११ मध्ये शिक्षा झाली ती १२ महिन्यांची, तीही स्थगित.

त्या पक्ष्यांपैकी काही आल्फ्रेड रसेल वॉलेसने गोळा केलेले होते. डार्विनच्या जोडीने नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणारा वॉलेस! १८५४ ते १८६२, आठ वर्षं मलय बेटांवर तापाने फणफणत त्याने पक्षी जमवले आणि प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी बांधली: कुठे मिळाला, कधी मिळाला. संशोधकाला पिसापेक्षा ती चिठ्ठी मोलाची. डीडीटीमुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची टरफलं पातळ झाली हे १९६० च्या दशकात कळलं, तेसुद्धा संग्रहातली जुनी, तारीख लिहिलेली अंडी होती म्हणूनच. चोरीनंतर अनेक पक्ष्यांच्या चिठ्ठ्या काढून टाकलेल्या सापडल्या, काहींची पिसं सुटी करून विकलेली होती. चिठ्ठी गेली की शंभर-दीडशे वर्षं जपलेला पुरावा नुसतं सुंदर कातडं उरतो.

बघा ना, गाठ दोघांनीही सोडली. डेटीने फ्लायची सोडली, त्यातून बांधणारे वाढले. रिस्टने पक्ष्याच्या पायाची सोडली, आणि जे गेलं ते कुणालाच परत बांधता येणार नाही. दोघांच्या बोटांत कसब सारखंच होतं.

आज ब्रिटनमध्ये पिंजऱ्यात वाढवलेल्या रानकोंबड्यांची पिसं कायदेशीर मिळतात, महाग असली तरी. त्याहून स्वस्त म्हणजे कोंबडीच्या पिसावर रंगाचा ठिपका द्यायचा. माशाची तक्रार नसते.

आणि जाता जाता एक. २००८ मध्ये संशोधकांनी दाखवलं की पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचा जनुक आपल्या याच करड्या रानकोंबड्याकडून आलाय. म्हणजे त्याचा थोडा अंश जगभरच्या खुराड्यांत आधीच पोचलाय. त्यासाठी त्याला जंगलातून ओढून आणायची गरज नाही.

पुढच्या वेळी पहाटे तो ओरडला तर थांबून ऐका. आणि तुमच्या घरात कुणाच्या हातात अशी एखादी कला असेल, जाळं विणणं असो, गोधडी शिवणं असो, तर त्यांच्याजवळ बसा आणि म्हणा, एकदा सोडवून दाखवा. जे कळेल ते आम्हालाही पाठवा. भेटू पुढच्या भागात!