दंडावरचं अक्षर

वऱ्हाडातल्या जत्रेत दंडावर ‘जय महाराष्ट्र’ उमटवणारं यंत्र माणसाच्या कातडीसाठी कुणी बनवलं नव्हतं. ते बनलं कचेरीसाठी, एका पत्राच्या अनेक प्रती काढायला. हे कळल्यापासून गोंदणाकडे बघण्याची माझी नजरच बदलली. मंगरूळपीरला बिरबलनाथ महाराजांची यात्रा भरते, दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यावर उरूस होतो, शेजारच्या मानोरा तालुक्यात पोहरादेवीला रामनवमीला बंजारा समाज लोटतो. अशा गर्दीत गोंदणवाल्याच्या हातात जी गुणगुणणारी लेखणी असते, तिचं कूळ थेट थॉमस अल्वा एडिसनच्या कारखान्यात निघतं. आणि माझं म्हणणं असं की, ती जन्मानं लेखणी होती म्हणूनच आपल्या गोंदणात अक्षरांचा एवढा सुकाळ झाला. राज्याच्या अभिमानाचं गोंदण हे त्या अक्षराचंच नातवंड.

एडिसनच्या विद्युत लेखणीला १८७६ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. लेखणीच्या माथ्यावर बोटभर मोटर, शेजारी ओली बॅटरी, आणि नळीतून सेकंदाला सुमारे ५० वेळा खालीवर होणारी सुई. कारकून तिनं नेहमीसारखं लिहायचा, पण शाई उमटायची नाही. कागदाला बारीक भोकांची अक्षरं पडायची. तो कागद चौकटीत ताणून वरून शाईचा रूळ फिरवला की खालच्या कोऱ्या कागदावर प्रत उमटे. बॅटरीची निगा राखणं कचेऱ्यांना जड गेलं आणि लेखणी मागे पडली, पण भोकातून शाई उतरवण्याची कल्पना टिकली. पुढे तिच्यातूनच मिमिओग्राफ निघाला. १९४२ च्या भूमिगत चळवळीत रातोरात पत्रकं काढणारं आपल्या ओळखीचं सायक्लोस्टाइल याच घराण्यातलं.

दुसरी शाखा कातडीकडे वळली. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ'रायली या गोंदणकारानं ८ डिसेंबर १८९१ रोजी गोंदणयंत्राचं पेटंट घेतलं. सुई तशीच खालीवर होणारी, नळी तशीच, पकड तशीच लेखणीची. शाई मात्र आता यंत्रातच होती. कागदाला भोक पाडून त्यातून शाई खाली उतरवायची, हे एडिसनचं तत्त्व. कातडीला भोक पाडून शाई आत ठेवायची, हे ओ'रायलीचं. दोन्हींत अंतर केवढंसं!

याला विरोध करणारा एक पक्ष आहे आणि तो दुबळा नाही. गोंदणयंत्राचा खरा बाप दंतवैद्य, असं ते म्हणतात. फिलाडेल्फियाच्या बॉनविल या दंतवैद्यानं पोकळ दातात सोन्याचा वर्ख ठासण्यासाठी विजेच्या चुंबकावर चालणारी हातोडी बनवली होती. ओ'रायलीच्या पेटंटाआधीच काही गोंदणकार असं दंतयंत्र सुई बसवून वापरत होते, असा त्यांचा दाखला. पुढची वेटोळ्यांची यंत्रं चुंबकावरच चालली, तेव्हा ती शाखा दंतवैद्याला देऊन टाकायला माझी हरकत नाही. पण आपल्या जत्रेतलं यंत्र पाहा. छोटी फिरती मोटर, तिला जोडलेली सुई, खाली नळी आणि वायर बॅटरीला. हा एडिसनचाच नकाशा आहे. बाजारपेठेतल्या टॅटूच्या दुकानातलं यंत्र दंतवैद्याकडे गेलं असेल तर जावो. जत्रेतलं लेखणीच्या घरातलं आहे.

एक योगायोग इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. खुद्द एडिसनच्या डाव्या हातावर पाच ठिपके गोंदलेले होते. १९११ सालच्या त्याच्या विम्याच्या कागदपत्रांत ओळखीची खूण म्हणून त्यांची नोंद आहे. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. आपल्याकडे अनेक गावांत अशा पाच ठिपक्यांना पाच पांडव म्हणतात आणि जुन्या बायकांच्या हातावर ते हमखास दिसतात. दोन्हींत नातं आहे असा माझा दावा नाही. पण लिहिणाऱ्या सुईच्या जनकानं स्वतःच्या अंगावर मात्र आपल्या आज्यांसारखे नुसते ठिपकेच बाळगले, हे माझ्या पुढच्या मुद्द्याला सोयीचं आहे.

कारण जुन्या गोंदणात अक्षर जवळजवळ नव्हतंच. ठिपके, रेघा, तुळशीवृंदावन, विंचू, चूल, कपाळावरची चंद्रकोर, हनुवटीवरचा तीळ. दोन-तीन सुया एकत्र बांधायच्या, दिव्याची काजळी पाल्याच्या रसात कालवायची, गाणं म्हणत टोचायचं आणि वर हळद लावायची. गोंदणारीण दारोदार यायची, सुपातलं धान्य घेऊन जायची. गोंदायचं की नाही हे मुलीला कुणी विचारत नसे. आई, आजी, सासू ठरवत. मेल्यावर दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं आणि देवापुढे तेच दाखवायचं असतं, ही समजूत घरोघर होती. त्यात वंश होता, सौभाग्य होतं, दृष्ट होती. प्रांत मात्र नव्हता. ज्या देवाला ते दाखवायचं, त्याला सरहद्दीशी काय देणंघेणं?

यंत्रवाला आला आणि हिशेबच बदलला. त्याच्या फळ्यावर नक्षी असते, देव असतात, पण खरा धंदा नावांचा, आणि तिथे पैसे अक्षरागणिक. मोबदल्याचं मापच नक्षीवरून अक्षरावर आलं. हाताच्या सुईनं ‘क्ष’ किंवा ‘ष्ट्र’ गोंदायचं म्हणजे दोघांच्याही सोशिकतेची परीक्षा. यंत्राला ते काही क्षणांचं काम. शिवाय गिऱ्हाईक बदललं. बायकांचा हात मागे सरला आणि तरुण मुलांचा दंड पुढे आला. हे मुलगे शाळा शिकलेले होते. जे वाचता येतं तेच गोंदावंसं वाटणार. यंत्र, शाळा आणि अक्षरागणिक दर या तिघांनी मिळून गोंदणाचं लिखाण केलं, असं मी ठामपणे मानतो.

या मताला सर्वांत मोठा धक्का देतात छत्तीसगडचे रामनामी. १८९० च्या दशकात चारपारा गावच्या परशुरामांपासून हा पंथ वाढला. देवळाची दारं ज्यांना बंद होती, त्यांनी कपाळ, गाल, पापण्या, हातपाय सगळीकडे ‘राम’ गोंदवून घेतलं. तेही काजळीनं, हाताच्या सुईनं, यंत्राशिवाय. म्हणजे एडिसनची लेखणी इकडे पोचण्याआधीच देवनागरी अक्षर मध्य भारताच्या कातडीवर होतं, आणि तेही हजारोंच्या संख्येनं एकेका देहावर. छत्तीसगड तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता आणि १९०३ पासून वऱ्हाडही त्याच कारभाराखाली आला. म्हणजे रामनामी आणि मंगरूळचा शेतकरी एकाच प्रांताचे रहिवासी झाले.

मग यंत्राची कथा कोसळते का? मला वाटतं, उलट पक्की होते. रामनाम्यांनी अक्षर का गोंदायचं हे दाखवलं. यंत्रानं ते कुणालाही, कुठल्याही जत्रेत, उभ्याउभ्या गोंदता येईल अशी सोय केली. जे नाव आमच्यापासून लांब ठेवता ते आमच्या देहावर आहे, आता अडवा पाहू, हा रामनाम्यांचा दावा होता. अभिमानाच्या गोंदणाचा गाभा हाच आहे. अमेरिकन खलाशांच्या नांगरांशी आणि पलटणींच्या बिल्ल्यांशी त्याचं कूळ जोडणाऱ्यांनी आधी छत्तीसगडपर्यंत जाऊन यावं.

पण रामनाम्यांच्याही मागे एक काळी पायरी आहे, आणि तिच्यावाचून ही कुळकथा अपुरी राहील. भारतात कातडीवर पद्धतशीरपणे मजकूर गोंदवला तो सरकारनं. कंपनीच्या बंगालमध्ये १७९७ च्या नियमानं जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याचं नाव, गुन्हा आणि शिक्षेची तारीख गोंदली जाई. सरकारी कागदांतही या शिक्षेला ‘गोदना’च म्हणत. मद्रास इलाख्यातही ती होती. कैदी पागोटं खाली ओढून, केस वाढवून ते अक्षर झाकत. १८४९ मध्ये ही शिक्षा बंद झाली. वऱ्हाड तेव्हा निजामाकडे होता आणि इंग्रजांच्या ताब्यात आला १८५३ मध्ये, त्यामुळे मंगरूळच्या कुणाच्या कपाळी हे आलं नाही. तरी क्रम ध्यानात घ्यावा: आधी राज्यानं माणसावर लिहिलं, मग रामनाम्यानं स्वतःवर देव लिहिला, आणि शेवटी माणसानं स्वतःवर राज्य लिहिलं. या तीन पायऱ्यांत अक्षर तेच, सुई तीच. सुई कुणाच्या इच्छेनं चालली, एवढंच बदललं.

आता राज्य म्हणजे कोणतं? इथे मंगरूळपीरचं उदाहरण साऱ्या महाराष्ट्रात बोलकं आहे. १९४० साली इथे जन्मलेल्या माणसाचा प्रांत होता मध्य प्रांत व वऱ्हाड. १९५० मध्ये तो मध्य प्रदेश झाला, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला तालुका द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. १ मे १९६० ला महाराष्ट्र आला. विशीला पोचेतो चार राज्यं, आणि माणूस गाव सोडून कुठे गेलेला नाही. जिल्ह्याचंही तेच: पुष्कळ वर्षं अकोला, १ जुलै १९९८ पासून वाशीम. गावाचं नावही कुणी मंगरूळपीर घेतं, कुणी मंगरूळनाथ. एवढं बदलत असताना नकाशा गोंदायचा तो कुठला? स्वतंत्र विदर्भाची मागणी तर नागपूर करारानंतरही, म्हणजे १९५३ नंतरही, शमलेली नाही. म्हणूनच, माझ्या मते, आपल्याकडे राज्याच्या अभिमानाचं गोंदण नकाशाचं फारसं नसतं. ते घोषणेचं असतं, जिरेटोपाचं असतं, आणि सगळ्यांत जास्त राजमुद्रेचं. सरहद्दी कागदावर हलतात. राजमुद्रेला सरहद्द नाही. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत म्हणून स्वीकारलं गेलं. ते लिहिणारे राजा बढे जन्मानं नागपूरचे. हा अभिमान पुण्यामुंबईहून विदर्भात आला, असं मानणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

राजमुद्रेबद्दल एक वेगळं मत मला भेटलं. वैष्णवांची, विशेषतः माध्वांची, तप्तमुद्रा हे तिचं मूळ, असं ते मत. आषाढी एकादशीच्या सुमारास तापवलेल्या शंखचक्राचे ठसे दंडावर घेतात. जागा तीच, नाव मुद्रेचंच. ऐकायला हे मोहक आहे, पण मला पटत नाही. तप्तमुद्रा गुरूच्या हातून लागते आणि तिच्यात मजकूर नसतो. शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा मजकुराचीच आहे. शहाजीराजांची आणि जिजाऊंची मुद्रा फारसीत होती. महाराजांची संस्कृतात, देवनागरी अक्षरांत. रांझे गावच्या पाटलाच्या निवाड्याच्या १६४६ च्या पत्रावर ती दिसते. परस्त्रीवर अत्याचार करणाऱ्या पाटलाला शिक्षा फर्मावणारा तो कागद. ही मुद्रा कागदाची आहे, कचेरीची आहे. आणि ती आज दंडावर येते कशानं, तर कचेरीसाठी जन्मलेल्या लेखणीनं. हा मेळ बसला तेव्हा माझा कौल कायमचा ठरला.

या मुद्रेतली अक्षरं एवढी बारीक आणि दाटीची असतात की हाताच्या सुईनं ती धड उमटणंच कठीण; यंत्राविना राजमुद्रेचं गोंदण आजच्यासारखं पसरलंच नसतं. गोंदवणाऱ्यानं मात्र दोन गोष्टी आधी पाहाव्यात. जत्रेत एकच सुई अनेकांच्या अंगात जाते आणि रक्तातून कावीळ, एचआयव्ही पसरू शकतात. सुई आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढायला लावावी, शाईही वेगळी घ्यावी. दुसरं भरतीचं. वाशीम जिल्ह्यातली कितीतरी मुलं पहाटे रस्त्यावर धावण्याचा सराव करतात. सैन्यभरतीच्या नियमांत कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू एवढ्याच जागी कायमचं गोंदण चालतं. आदिवासी समाजांना परंपरेप्रमाणे सवलत आहे. दंडावरच्या राजमुद्रेपायी देशाची वर्दी हुकली, तर महाराजांनाही ते रुचणार नाही. राज्य आजही कातडी वाचतं, हे विसरू नये.

तरीही ज्याला गोंदवायचं त्यानं खुशाल गोंदवावं, आणि हे फॅड परदेशातून आलं म्हणणाऱ्याला कूळ सांगावं. यंत्र न्यूयॉर्कचं, हे खरं. पण काजळी आणि सुई आपल्या गोंदणारणींची, नाव अंगावर मिरवण्याचा हक्क रामनाम्यांनी कमावलेला, आणि अक्षर महाराजांच्या दफ्तरातलं. या वारशातलं सर्वांत मोठं देणं गोंदणारणींचं आहे आणि त्यांचीच नावं कुठल्या कागदावर नाहीत. गावात अजून कुणी जुनी गोंदणारीण असेल, तर तिच्या नक्ष्या, त्यांची नावं आणि टोचताना म्हणायची गाणी लिहून घेणं हे मला आज राजमुद्रा गोंदवण्याइतकंच महाराष्ट्राच्या अभिमानाचं काम वाटतं.