‘द साउंड’ : यादीतून गळालेला एक बँड

व्याख्यानमालेत आपण बहुतेक वेळा इतिहास घडवणाऱ्यांबद्दल बोलतो. आज मी इतिहासाच्या यादीतून गळालेल्या चौघांबद्दल बोलणार आहे. बँडचं नाव ‘द साउंड’, गाव लंडन, काळ १९७९ ते १९८८. सभागृहात कितीजणांनी हे नाव ऐकलंय? दोन हात दिसतायत. बरं. हाच तर आजचा विषय आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. १९७६-७७ मध्ये इंग्लंडमध्ये पंक आलं. त्याचा निरोप साधा होता : वाजवता येत नसलं तरी चालेल, उभे राहा आणि वाजवा. पण दोनेक वर्षांत तेही एका साच्यात अडकलं. मग काही मुलांनी विचारलं, हे धाडस ठेवून दुसरं काही करता येईल का? बास गिटार पुढे आणता येईल का, सिंथेसायझर घेता येईल का, रागाच्या जोडीला भीतीबद्दल, एकटेपणाबद्दल गाता येईल का? या सगळ्याला पुढे ‘पोस्ट-पंक’ म्हणू लागले. त्यातलं जे रेडिओवर जरा सहज वाजेल, त्याला ‘न्यू वेव्ह’. या दोन शब्दांमधली सीमा काही कुंपण घालून आखलेली नाही, हे लक्षात ठेवा.

आता विंबल्डनला जाऊ. टेनिसचं विंबल्डन सगळ्यांना माहीत आहे. तिथल्याच एका घरात एड्रियन बोरलँड नावाचा मुलगा गिटार वाजवायचा. त्याच्या पहिल्या बँडचं नाव ‘द आउटसायडर्स’. १९७७ मध्ये त्यांनी ‘कॉलिंग ऑन यूथ’ ही तबकडी स्वतःच काढली. कंपनी नाही, मोठा स्टुडिओ नाही. ध्वनिमुद्रण बोरलँडच्या आई-वडिलांच्या घरात, आणि यंत्रांची बाजू सांभाळायला वडील बॉब बोरलँड. ब्रिटिश पंक बँडनं स्वतःच्या खर्चानं काढलेल्या अगदी पहिल्या अल्बमांमध्ये तिची गणना होते. आपल्याकडे मुलगा गिटार घेऊन बसला की वडील आधी परीक्षेचं विचारतात. इथे वडील टेपरेकॉर्डर लावून बसले होते!

१९७९ मध्ये त्यातूनच ‘द साउंड’ उभा राहिला. बोरलँड गाणार आणि गिटार वाजवणार, ग्रॅहॅम बेली बासवर, माइक डडली ड्रम्सवर, बाय मार्शल कीबोर्डवर. वर्षभरात ‘कोरोव्हा’ या लेबलनं त्यांना करारबद्ध केलं आणि १९८० मध्ये ‘जेपर्डी’ आला. कमी पैशांत, घाईत केलेला अल्बम, पण समीक्षकांनी भरभरून कौतुक केलं. त्यातलं ‘आय कान्ट एस्केप मायसेल्फ’ घरी जाऊन जरूर ऐका. सुरुवातीला जवळजवळ काहीच नाही. बास, ड्रम, आणि कानाशी बोलल्यासारखा आवाज. गिटार वाट बघत बसलेली असते. ती अंगावर येते तेव्हा आपण खुर्चीत सरळ होतो.

आता मुख्य प्रश्न. इतका चांगला बँड होता, तर विसरला का गेला?

याचं नेहमीचं उत्तर म्हणजे ‘नशीब’. इतिहासाच्या अभ्यासकानं या शब्दापाशी थांबू नये. सुदैवानं आपल्याकडे तुलनेसाठी एक उत्तम जोडी आहे. त्याच कोरोव्हा लेबलवर लिव्हरपूलचा ‘एको अँड द बनीमेन’ होता. १९८१ मध्ये त्यांचा ‘हेवन अप हिअर’ आला, निर्माता ह्यू जोन्स. त्याच वर्षी ‘द साउंड’चा ‘फ्रॉम द लायन्स माउथ’ आला, निर्माता पुन्हा ह्यू जोन्सच. लेबल एक, निर्माता एक, वर्ष एक. बनीमेनचा अल्बम ब्रिटनच्या पहिल्या दहांत गेला. ‘द साउंड’चा त्या यादीच्या आसपासही फिरकला नाही.

म्हणजे फरक ध्वनिमुद्रणाच्या दर्जात नव्हता. मग कशात होता? माझं मत सांगतो. बनीमेनकडे गोष्ट होती. देखणा, तोंडाळ गायक. मुलाखतीत इतरांची टर उडवणारा. पाठीशी लिव्हरपूल हे शहर, तिथले क्लब, तिथली मैत्री आणि भांडणं. पत्रकाराला लिहायला किती सोपं! बोरलँड साध्या कपड्यांतला, थोडा जाड, लंडनच्या उपनगरातला. ‘फ्रॉम द लायन्स माउथ’च्या वेष्टनावरही बँडचे चेहरे नाहीत, तर ब्रिटन रिव्हिएर या व्हिक्टोरियन चित्रकाराचं सिंहांच्या गुहेतल्या दानीएलचं चित्र आहे. आणि नाव? ‘द साउंड’. आजही हे नाव शोधायला गेलात तर भलतंच काहीतरी सापडतं.

पुढे कंपनीला जास्त खपणारं संगीत हवं होतं. बँडनं १९८२ मध्ये ‘ऑल फॉल डाउन’ दिला, जो आधीच्यापेक्षाही कमी खपणारा होता. दबावाखाली वाकायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. कंपनीशी संबंध तुटला. नंतर छोट्या लेबलांवर ‘शॉक ऑफ डेलाइट’, ‘हेड्स अँड हार्ट्स’, १९८७ मध्ये ‘थंडर अप’, आणि १९८८ मध्ये शेवट.

पण थांबा, हा ब्रिटनमधला इतिहास झाला. समुद्र ओलांडून नेदरलँड्समध्ये गेलात की चित्र बदलतं. तिथे या बँडला खरोखरचे श्रोते होते. काळ आठवा : डिसेंबर १९७९ मध्ये नाटोनं पश्चिम युरोपात नवी अण्वस्त्रं ठेवायचं ठरवलं. नोव्हेंबर १९८१ मध्ये ॲमस्टरडॅमच्या रस्त्यांवर त्याविरुद्ध सुमारे चार लाख माणसं उतरली. ‘जेपर्डी’मध्ये ‘मिसाइल्स’ नावाचं गाणं आहे. क्षेपणास्त्रं बनवणाऱ्यांना त्यात थेट जाब विचारलाय. १९८२ मध्ये हा बँड उट्रेक्टच्या ‘नो न्यूक्स’ महोत्सवात वाजवत होता. ते गाणं तिथे कसं ऐकलं गेलं असेल, याची कल्पना करा. डच रेडिओनं १९८१ ते १९८५ मधल्या त्यांच्या मैफली मुद्रित केल्या, जपून ठेवल्या, आणि २००६ मध्ये त्यांचा पाच सीडींचा संच निघाला. आज ‘द साउंड’ रंगमंचावर कसा वाजायचा हे आपल्याला कळतं, त्यात या परक्या रेडिओचा वाटा मोठा आहे.

आता एक अवघड गोष्ट बोलायला हवी. बाय मार्शलच्या जागी आलेला कीबोर्डवादक मॅक्स मेयर्स १९९३ मध्ये एड्सनं गेला. बोरलँड अनेक वर्षं गंभीर मानसिक आजाराशी झगडत होता. त्यातही तो एकट्यानं अल्बम काढत राहिला. एप्रिल १९९९ मध्ये, ४१ व्या वर्षी, त्यानं आयुष्य संपवलं.

आणि गंमत बघा, गंमत म्हणवत नाही खरं तर : जिवंतपणी ज्याच्याकडे ‘गोष्ट’ नव्हती, त्याला मृत्यूनं ती मिळवून दिली. आता जो कोणी ‘द साउंड’वर लिहितो, तो शेवटापासून सुरुवात करतो. प्रत्येक गाण्यात पुढच्या शोकांतिकेची चाहूल शोधतो. हे मला मान्य नाही. हे उलटं वाचन आहे. १९८१ चा अल्बम उघडा. पहिलं गाणं ‘विनिंग’, म्हणजे जिंकणं. पुढे ‘सेन्स ऑफ पर्पज’ आहे. तेविशीतला एक तरुण अंधार बघतोय आणि त्यात बसून राहायला नकार देतोय. तो नकार खरा होता. अठरा वर्षांनंतर काय झालं, यानं तो खोटा ठरत नाही. माणसाचा शेवट म्हणजे माणसाचा सारांश नव्हे.

शेवटी एवढंच. दुर्लक्षित कलाकृती आपोआप टिकत नाही. कोणीतरी ती टिकवतं. इथे एका बापानं टेपरेकॉर्डर लावला, एका रेडिओनं फिती फेकून दिल्या नाहीत, चाहत्यांनी तबकड्या जपल्या, आणि २०१६ मध्ये डच मंडळींनी बोरलँडवर माहितीपटही केला. इतिहास लिहिणारे आपण लोक नंतर येतो, आणि जे कोणी जपून ठेवलंय त्यावरच लिहितो. तेव्हा घरी गेल्यावर माळ्यावरचा कॅसेटचा खोका टाकून देण्याआधी एकदा उघडून बघा. आणि हो, ‘विनिंग’ ऐका. जरा मोठ्या आवाजात.