घरांत मांजरें किती असावींत?

एका घरांत मांजरें किती असावींत, हा प्रश्न मासिकाच्या पानांवर येण्याच्या योग्यतेचा आहे काय, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. राज्यें, लढाया व तह यांच्या इतिहासांत मांजरास स्थान नाहीं हें खरें. परंतु घराच्या इतिहासांत त्याची जागा अगदीं चुलीजवळची आहे. घरांत कोणाला घ्यावें, किती जणांना घ्यावें आणि जास्त झालेल्यांचें काय करावें, हे प्रश्न मनुष्यानें आपल्या मुक्या सोबत्यांविषयीं कसे सोडविले, यावरून त्या त्या काळाची बरीच परीक्षा होते. आमच्या मतें या प्रश्नाचें खरें उत्तर आंकड्यांत नाहीं. तो आंकडा कोणीं आणि केव्हां ठरवावयाचा, यांत आहे.

ब्रिटनच्या पश्चिमेस वेल्स म्हणून जो डोंगराळ देश आहे, तेथील जुने कायदे दहाव्या शतकांतील हवेल दा या राजाच्या नांवानें प्रसिद्ध आहेत. त्यांच्या उपलब्ध पोथ्या मात्र तेराव्या शतकापासूनच्या आहेत. त्यांत मांजराची किंमत ठरवून दिलेली आढळते. जन्मल्या रात्रीपासून डोळे उघडेपर्यंत पिलाचें मोल 1 पेनी. पुढें तें उंदीर मारूं लागेपर्यंत 2. आणि एकदां उंदीर मारूं लागलें कीं 4. विकलेल्या मांजरीचे कान, डोळे व नखें शाबूत असलीं पाहिजेत, तिनें उंदीर मारले पाहिजेत आणि स्वतःचीं पिलें खातां कामा नयेत. यांत उणें निघाल्यास किंमतीचा तिसरा हिस्सा परत करावा लागे. याच कायद्यांत वाडी कशास म्हणावें याची व्याख्याही आहे: नऊ घरें, एक नांगर, एक भट्टी, एक घुसळण, एक मांजर, एक कोंबडा, एक वळू आणि एक गुराखी. म्हणजे नऊ घरांमिळून मांजर एक! मांजरें त्या काळीं इतकींच असत असें मात्र कोणी समजूं नये. नवराबायको विभक्त झाल्यास मांजरांपैकीं एक नवऱ्यानें न्यावें व बाकीचीं बायकोकडे राहावींत, असेंही तेथेंच सांगितलें आहे. तेव्हां एका घरांत एकाहून अधिक मांजरें असत हें उघड आहे. पण एकाखेरीज वाडी पुरी होत नाहीं, आणि कायद्याला तेवढें एक पुरेसें वाटतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांत आणखी एका ठिकाणीं हा प्रश्न उपस्थित झालेला दिसतो. देवळाला लागून असलेल्या कोठडींत जन्मभर एकांतवास पत्करणाऱ्या स्त्रियांसाठीं 'अँक्रीन विस' नांवाचा एक आचारग्रंथ लिहिला गेला. त्यानें या स्त्रियांस कोणतेंही जनावर पाळण्याची मनाई केली. सवलत दिली ती केवळ मांजराची. गाय पाळली तर तिच्या चाऱ्याची काळजी आली, ती कोणाच्या शेतांत शिरली तर त्याची नुकसानभरपाई आली, आणि मग संसार सोडून आलेली स्त्री पुनः संसारी झाली, असा त्याचा युक्तिवाद आहे. मांजर तेवढें आपलें पोट आपण भरतें, म्हणून तें चालेल.

हाच हिशेब सहाशे वर्षांनंतर लंडनच्या पोस्टखात्यानें कागदावर उतरविला. 1868 सालीं तेथील मनीऑर्डर कचेरींत उंदरांचा उपद्रव फार वाढला, तेव्हां तीन मांजरें ठेवून त्यांच्या खर्चासाठीं आठवड्यास 2 शिलिंग मिळावे, अशी मागणी करण्यांत आली. वरिष्ठांनीं मंजुरी दिली ती 1 शिलिंगाची, म्हणजे दर मांजरामागें 4 पेन्सांची, व तीही सहा महिन्यांच्या बोलीनें. उरलेली भर मांजरांनीं उंदरांवर काढावी, आणि उंदीर कमी न झाल्यास हा भत्ताही कापला जाईल, असा शेरा होता! मांजरांनीं काम चोख बजावलें व तीं नोकरींत कायम राहिलीं. या शेऱ्याला आपण हंसतों. पण त्यांतलें अर्थशास्त्र वेल्सच्या शेतकऱ्याचेंच आहे. मांजराचें अन्न जोंपर्यंत उंदीर होतें, तोंपर्यंत मांजरांची संख्या उंदीरच ठरवीत. घरधन्याला त्यासाठीं आपलें मन कठोर करावें लागत नसे.

अडचण आली ती मांजर पोटासाठीं उंदरांवर न राहतां ममतेवर राहूं लागलें तेव्हां. उंदीर संपतात, भत्ता कापला जातो; ममतेला मात्र स्वतःची अशी मर्यादा नसते. मांजरी सुमारें नऊ आठवड्यांत वितें. एका वेळीं चार पिलें ही नित्याची गोष्ट आहे. आणि वर्षाच्या आंत तीं पिलेंही प्रजननक्षम होतात. मांजरी आपलीं पिलें सात घरें हिंडविते असें आपल्याकडे म्हणतात. पण त्या सातही घरांनीं दार लावून घेतलें म्हणजे पुढें काय होतें, तें बोलण्याची चाल नाहीं. पिलें पोत्यांत घालून नदीपलीकडे किंवा बाजारांत सोडून देण्याची रीत ज्या घरांना ठाऊक नाहीं, अशीं घरें थोडींच. वाईट याचें वाटतें कीं, हें करणारीं माणसें क्रूर नसतात. बहुधा ज्या हातांनीं आईला दूध घातलें, तेच हात पोत्याचें तोंड बांधतात.

हेंच मोठ्या प्रमाणावर 1939 सालीं लंडनमध्यें घडलें. त्या वर्षीं सप्टेंबरच्या 3 तारखेस ब्रिटननें युद्ध पुकारलें. घरच्या जनावरांस शक्य तर खेडेगांवीं पाठवावें, तें न जमल्यास त्यांना मरण देणेंच दयेचें, अशा आशयाचें सल्लापत्रक त्यापूर्वींच निघालें होतें. सरकारचा हुकूम नव्हता. बॉम्ब तर एकही पडला नव्हता, कारण शहरावरील मोठे हल्ले सुरू झाले ते 1940 च्या सप्टेंबरांत. तरीही युद्धाच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास एकट्या लंडनमध्यें अदमासें 4 लक्ष कुत्रीं व मांजरें त्यांच्या मालकांनीं आपण होऊन मारविलीं. आदल्या आठवड्यांत ज्या घराला तीन मांजरें जड नव्हतीं, त्याच घराला आतां एकही फार झालें. अशा लोकांस दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. भयाच्या घटकेस मनुष्य असाच हिशेब करितो. परंतु जी संख्या सुखाच्या दिवसांत कोणींच ठरविली नव्हती, ती अखेर भयानें ठरविली, एवढें यावरून दिसतें.

याच्या उलट एक उदाहरण हॉलंडमधील आहे. ॲम्स्टरडॅम शहरांत 1966 सालीं हेन्रिएट व्हान वेल्डे या बाईंनीं घरासमोरील झाडाखालीं आश्रयास आलेली एक मांजरी तिच्या पिलांसह घरांत घेतली. एकामागून एक निराश्रित मांजरें येऊं लागलीं, लोकही आणून देऊं लागले, घर भरलें. तेव्हां 1968 सालीं त्यांनीं कालव्यांतील एक जुनें गलबत विकत घेऊन मांजरांची सोय त्यावर केली, आणि 1971 सालीं त्यास दुसऱ्याची जोड दिली. येथवर ही कथा ममतेच्या पुराचीच आहे. पण पुढें त्या कार्याला शिस्त आली: मांजरांची नसबंदी करावयाची, त्यांस नवीं घरें पाहून द्यावयाचीं आणि मगच नव्यांस जागा करावयाची. 1987 मध्यें त्याची रीतसर संस्था झाली. बाई 2005 सालीं निवर्तल्या, पण संस्था त्यांच्यामागें चालूच राहिली. ज्या घरांत मांजरें नुसतीं वाढत जातात, तें घर गृहिणीबरोबर संपतें. येथें तसें झालें नाहीं.

तेव्हां आमच्या वाचककुटुंबांनीं आम्हांस नेमका आंकडा विचारला, तर तो आम्ही देऊं शकत नाहीं. नऊ घरांना एक पुरे कीं एका घराला तीन चालतील, हें ज्याच्या त्याच्या अंगणावर व मिळकतीवर अवलंबून आहे. पण एक कसोटी सांगतां येईल. घरांत दुखणें आहे, बदलीचा हुकूम आला आहे, महागाईनें मेटाकुटीस आणलें आहे, अशा दिवशींही जितक्या मांजरांची जबाबदारी आपण टाकणार नाहीं, तितकींच ठेवावींत. उंदरांनीं ही मोजदाद करण्याचे दिवस आतां गेले आहेत. ती आपणच केली पाहिजे, आणि पहिल्या मांजरीला पहिली वाटी दूध घालतांना केली पाहिजे. कारण त्या वेळीं नसबंदीसाठीं पशुवैद्याकडे एक खेप घालून जें साधतें, तेंच टाळल्यास पुढें पोतें हातीं घेण्याची पाळी येते.