धर्मशाळेतून निघालेला शब्द

घरात कुणी आजारी पडले की आपण म्हणतो, हॉस्पिटलात नेले पाहिजे. प्रवासात भूक लागली की म्हणतो, पुढे हॉटेल लागेल तिथे थांबू. एकीकडे दुखणे, दुसरीकडे चहा-भजी. या दोन शब्दांचे एकमेकांशी काही नाते असेल, असे मनातही येत नाही. पण ते सख्खे भाऊ आहेत, आणि त्यांचा जन्म झाला यात्रेकरूंच्या धर्मशाळेत.

लॅटिन भाषेत 'होस्पेस' म्हणजे पाहुणा, आणि पाहुण्याला घरात घेणारा यजमानही. दोघांना शब्द एकच. त्यावरून मध्ययुगात 'होस्पिताले' म्हणू लागले, म्हणजे यात्रेकरू, गोरगरीब आणि आजारी यांना आसरा देणारी जागा. रोमला किंवा स्पेनातील सांतियागोला पायी निघालेला भाविक संध्याकाळी अशा ठिकाणी पाठ टेकत असे. हा शब्द विद्वानांच्या लेखणीत जवळजवळ जसाच्या तसा राहिला, त्याचे हॉस्पिटल झाले. फ्रान्समधील लोकांच्या तोंडी झिजत गेला, त्याचे हॉटेल झाले. एक पोथीतून आला, दुसरा पायवाटेने.

ही लॅटिन मोठी विलक्षण भाषा होती. इ. स. ४७६ मध्ये पश्चिमेकडील रोमन सत्ता संपली; भाषा मात्र पुढे हजार वर्षे नांदली. काही शतकांनी तर ती कुणाचीच मातृभाषा उरली नाही. आईच्या मांडीवर ती कुणी शिकत नसे. ती शिकायची मठात, गुरुजींच्या धाकात. तरी आयर्लंडचा साधू आणि पोलंडचा पंडित तिच्यातूनच एकमेकांना पत्रे लिहीत. देवाची उपासना, कायदा, औषध, ज्योतिष, हिशेब, सारे तिच्यात चाले.

इकडे जुन्या रोमन मुलखातील सामान्य माणूस बापजाद्यांची बोली बोलत होता. पिढ्यान्‌पिढ्या तिचे उच्चार आणि प्रत्यय बदलत गेले. तो पोथी वाचू लागला तर अक्षरे जुनी आणि उच्चार घरचे, अशी स्थिती. सम्राट शार्लमेनला हे गबाळे वाटले. त्याने इंग्लंडमधील यॉर्कचा विद्वान आल्कुइन आपल्या दरबारी बोलावला. शुद्धलेखन सुधारले, अक्षरवळण देखणे झाले. लिहिले आहे तसे प्रत्येक अक्षर उच्चारावे, असा आग्रहही तेव्हाच धरला गेला, असे अनेक अभ्यासक मानतात. हेतू चांगलाच होता. पण वाचन जितके शुद्ध होत गेले, तितके समोर बसलेल्या शेतकऱ्याला ते कळेनासे झाले.

आल्कुइनने देह ठेवला तो तूर या गावी, ८०४ मध्ये. त्यानंतर नऊच वर्षांनी, ८१३ मध्ये, त्याच तूर गावी धर्माचार्यांची सभा भरली. तिने ठराव केला की, प्रवचने गावंढळ रोमन बोलीत किंवा जर्मन बोलीत उलगडून सांगावीत, म्हणजे सर्वांना ती सहज समजतील. 'गावंढळ' हा शब्द त्यांचाच. बोली गावंढळ खरी, पण श्रोत्याला समजले नाही तर बोलण्याला अर्थ काय, हे त्यांनी मान्य केले. कीर्तनाला बसणाऱ्या आपल्या मंडळींना हा ठराव वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

पुढे १४ फेब्रुवारी ८४२ रोजी शार्लमेनचे दोन नातू, लुडविग आणि चार्ल्स, स्ट्रासबर्गला एकत्र आले. थोरल्या भावाविरुद्ध एकमेकांची साथ सोडायची नाही, अशी शपथ त्यांनी घेतली. प्रत्येकाने शपथ घेतली ती दुसऱ्याच्या सैन्याच्या भाषेत, कारण साक्षीदार सैनिक होते आणि त्यांना ती कळायला हवी होती. नितहार्ड नावाच्या इतिहासकाराने सगळी हकीकत लॅटिनमध्ये लिहिली. शपथेचे शब्द मात्र त्याने लोकांच्या बोलीत जसेच्या तसे ठेवले. फ्रेंच भाषेचा सर्वांत जुना लेख म्हणून आज तेच शब्द दाखवतात.

लोकभाषा उभ्या राहिल्या म्हणून लॅटिन रिकाम्या हातांनी गेली नाही. ती त्यांना देत राहिली. इंग्रजी काही तिची लेक नव्हे, तरी इंग्लंडच्या न्यायालयांचे दप्तर १७३३ पर्यंत लॅटिनमध्ये होते. धर्मसेवकाला लॅटिनमध्ये 'क्लेरिकुस' म्हणत. लिहिता-वाचता येणारा बहुधा तोच, म्हणून कचेरीतला लेखनिक 'क्लार्क' झाला. तासाचा पहिला बारीक भाग तो मिनिट आणि दुसऱ्यांदा केलेला बारीक भाग तो सेकंद, हेही मध्ययुगीन लॅटिन पंडितांचे देणे.

यानंतर आले प्राचीन लॅटिनचे अभिमानी. सिसेरोची भाषा तेवढी शुद्ध, मधली सारी भ्रष्ट, असे ते म्हणू लागले. त्या भ्रष्ट म्हटलेल्या शब्दांना जवळ केले ते आम्यां गावच्या शार्ल द्यु कांज या सरकारी खजिनदाराने. जुनी दफ्तरे, दानपत्रे, इतिवृत्ते वाचून त्याने मध्ययुगीन लॅटिनचा कोश रचला. १६७८ मध्ये त्याचे तीन खंड छापले गेले, तेव्हा त्याचे वय ६८ च्या आसपास होते. कोशाच्या नावात त्यानेही ही भाषा 'मधल्या आणि खालच्या' काळाची म्हटली आहे. पण त्या खालच्या शब्दांतच शेतसारा, बाजार, लग्न, भांडण, भिक्षा, म्हणजे माणसांचे सारे जगणे होते. पुढच्या विद्वानांनी कोश वाढवत नेला. एकोणिसाव्या शतकात तो दहा खंडांचा झाला. अभ्यासक आजही तो उघडतात.

असाच एक शब्द 'कोंपानियो'. 'पानिस' म्हणजे भाकरी. जो आपल्यासोबत भाकरी खातो तो कोंपानियो, सोबती. सिसेरोच्या लॅटिनमध्ये हा शब्द नाही. तो फ्रँक लोकांच्या जुन्या कायद्यात सापडतो. त्यावरूनच पुढे 'कंपनी' झाली. आपल्याकडे ती तराजू घेऊन आली आणि राज्य करून बसली, तेव्हा तिच्या नावात भाकरी होती हे कुणाला आठवणार? त्याच पानिसचा पोर्तुगीज नातू गोव्याच्या वाटेने आपल्या ताटात आला, तो पाव.

ज्यांनी हे शब्द घडवले त्यांची नावे कुठल्याच कोशात नाहीत. ते चालून दमले होते, कुणीतरी दार उघडले, आणि भाकरी वाटून खाल्ली. विद्वानांनी अशुद्ध म्हटलेले त्यांचे बोल आज आपल्याही तोंडी आहेत.