मुलूख निर्धास्त केव्हां म्हणावा?

लढाई संपली म्हणजे शांतता झाली, असें इतिहासाचीं पुस्तकें सांगतात. कारण त्यांस तहाची तारीख ठाऊक असते. परंतु ज्या मुलखांतून फौजा गेल्या, तेथील रहिवाशांच्या मनांतील भय कोणत्या दिवशीं गेलें, याची नोंद कोणत्याही दप्तरांत सांपडावयाची नाहीं. तें शोधावयाचें तर लोकांच्या वागण्याकडेच पाहिलें पाहिजे. रयत सुगीचा भरंवसा धरून बीं पेरते काय, खळ्यावर रात्रीं निजते काय, गुरें घेऊन परगांवच्या बाजारास जाते काय, हेच या बाबतींतील खरे साक्षीदार होत. या दृष्टीनें जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांचा १८१८ नंतरचा काळ पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बेल्हें हें जुन्नर तालुक्याच्या पूर्वेकडील, नगरच्या बाजूचें गांव. तेथील सोमवारचा बाजार बैलांच्या खरेदीविक्रीसाठीं प्रसिद्ध आहे. बैलबाजारास येणारा शेतकरी येतांना आपलें सर्वस्व दावणीनें ओढून आणतो व परततांना तें कंबरेस बांधून नेतो. म्हणून वाटेवर भय असेल तर असा बाजार सर्वांच्या आधीं मोडतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं पुणें प्रांतावर हीच वेळ आली होती. १८०२ सालीं यशवंतराव होळकरानें पुण्याजवळ पेशव्यांचा पराभव केला. पाठोपाठ लुटालूट झाली आणि १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ पडला. त्यांतून मुलूख पुरता सांवरतो न सांवरतो तोंच १८१७-१८ चें युद्ध आलें व पेशवाई बुडाली.

पेशवाईंतील गांवाची राखण कशी होती, हें एल्फिन्स्टन साहेबांच्या १८१९ च्या अहवालावरून कळतें. चोरी झाली कीं गांवच्या जागल्यानें चोराचा माग काढावयाचा. माग दुसऱ्या गांवच्या शिवेंत पोंचविला म्हणजे जबाबदारी त्या गांवावर जाई, आणि माग न लागल्यास भरपाईची जोखीम आपल्याच गांवावर राही. या व्यवस्थेंत जुलूम व लबाडी यांस वाव होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. तथापि लुटल्या गेलेल्या मनुष्यास आपण कोणाच्या दारीं उभें राहावयाचें, हें माहीत होतें. भय होतें, परंतु त्या भयास जामीनही होता.

१८१८ नंतर इंग्रजांनीं चावंड, जीवधन अशा किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंगांनीं उडविल्या. पूर्वेच्या सपाटीवरील रयतेस याचा अर्थ असा कीं, आतां फौजांचा धुमाकूळ पुन्हां व्हावयाचा नाहीं. पुढें दख्खनच्या गांवोगांवीं गांवकुसाच्या भिंती ढांसळल्या आणि त्या पुन्हां उभारण्याची गरज फारशी कोणास वाटली नाहीं. सरकारच्या स्तुतीपर लिहिलेल्या शंभर अर्जांपेक्षां या पडक्या भिंतींची साक्ष आम्ही अधिक मोलाची मानितों.

पश्चिमेच्या मावळांत मात्र त्याच सुरुंगाचा आवाज निराळा ऐकूं आला. किल्ल्यांच्या शिबंदीवर महादेव कोळ्यांच्या कित्येक घराण्यांचें पोट होतें. किल्ले गेले, तसें वेतन गेलें व मानही गेला. १८२८ ते १८३० पर्यंत सह्याद्रींत कोळ्यांचा उठाव झाला व तो मोडण्यास कॅप्टन मॅकिंटॉश यास धाडावें लागलें. पुढें राघोजी भांगऱ्यानें बंड केलें. त्यास १८४८ सालीं ठाण्यास फांशीं दिलें. सपाटीवरील वाण्यास भय बंडवाल्यांचें. डोंगरांतील कुटुंबास बंडवाल्यांचें आणि त्यांच्या पाठीवर येणाऱ्या शिपायांचेंही. एकाच तालुक्यांत, एकाच राज्यांत, एकाच वर्षीं हीं दोन भयें शेजारीं शेजारीं नांदत होतीं.

तिसरें भय कागदाचें. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें कर्जरोख्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतु ऋणकोच्या रक्षणाचा. परिणाम असा कीं, दर तीन वर्षांनीं व्याज मुद्दलांत मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची वहिवाट पडली. दरोडेखोर एका रात्रींत जाई. दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा घेऊन आलेला बेलिफ जमीनच नेई. आंबेगांव तालुक्यांतील जांभोरीचा होन्या केंगले १८७३ पासून सावकारांचीं नाकें कापीत फिरला व १८७६ त धरला गेला. मधल्या १८७५ च्या मे महिन्यांत याच जिल्ह्यांत सुप्यास दंगा झाला; तेथें जमावाची विशेष मागणी रोख्यांची होती. तेव्हां सावकारही निर्धास्त नव्हता आणि कुणबीही नव्हता. १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा ही सरकारनें या भयाची दिलेली कबुलीच होय.

यावर कोणी म्हणेल कीं, फौजांची धाड थांबली हें थोडें काय? थोडें नव्हेच; तो लाभ मोठा होता. आमचें म्हणणें एवढेंच कीं, निर्धास्तपणा हा पावसासारखा साऱ्या शिवारावर सारखा पडत नाहीं. जेथें जेथें युद्ध थांबतें, तेथें तेथें आजही ‘मुलूख शांत झाला’ हें वाक्य प्रथम कचेरींत लिहिलें जातें. तें वाचणारानें विचारावें : हें बेल्ह्याच्या बाजारकऱ्यास विचारून लिहिलें, कीं जांभोरीच्या डोंगरकऱ्यास? दोघांचेंही उत्तर हातीं आल्यावांचून तें वाक्य पुरें झालें असें आम्ही मानीत नाहीं.