शनिवारचा घाणा आणि आठवा दिवस

तेलुगू मुलखातल्या इचोड्याच्या आमच्या घरात तान्ह्या बाळाला तेल लावण्यासाठी जी लहानशी पितळी वाटी वापरीत, तिच्या आतल्या अंगाला वर्षानुवर्षांच्या तेलाची एक काळसर कडा धरलेली होती, आणि आजीने ती राखेने कितीही घासली तरी ती कडा निघत नसे. पाय लांब करून, बाळाला नडग्यांवर पालथे घालून, त्या वाटीत बोटे बुडवून ती चोळावयास लागली, म्हणजे कोमट तेलाचा आणि शेगडीवरच्या ओव्याच्या धुरीचा एक मिश्र वास ओसरीपर्यंत येई. पुढे जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या इतिहासासंबंधी वाचन करीत असता, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आणि म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांत ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका समाजाची माहिती जेव्हा प्रथम माझ्या दृष्टीस पडली, तेव्हा मला पहिल्याने ही वाटीच आठवली. कोकणातील कितीएक तान्ह्या मुलांची अंगे या तेल्यांच्या घाण्यातल्या तेलाने चोळली गेली असतील, आणि तेल देणारा हा मनुष्य यहुदी धर्माचा आहे हे त्या मुलांच्या आयांच्या स्वप्नातही नसेल! खुद्द त्या तेल्यालासुद्धा ‘यहुदी’ हा शब्द फार उशिरा कळला. तो स्वतःला बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलची लेकरे, एवढेच म्हणवीत असे.

या समाजाची परंपरा सांगते ती अशी, की फार प्राचीन काळी परमुलखातून निघालेले एक गलबत अलिबागेच्या उत्तरेस नवगावनजीक खडकावर आपटून फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या जिवंत किनाऱ्याला लागल्या, आणि जे बुडाले त्यांची प्रेते नवगावच्या भूमीत पुरण्यात आली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहून पुरा केलेला आणि चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, तेल अवीव येथे छापला गेलेला या समाजाचा इतिहास याच कथेपासून सुरू होतो. गलबताबरोबर धर्मग्रंथही समुद्रात गेले. पुढे कित्येक पिढ्या या लोकांजवळ ना पोथी राहिली, ना पुरोहित, ना प्रार्थनामंदिर. उरले ते इतकेच: ‘शमा’ या प्रार्थनेचे पहिले शब्द, शनिवारची विश्रांती, खवले आणि पर असलेलीच मासळी खाण्याचा नियम, आणि मुलगा जन्मल्यापासून आठव्या दिवशी करावयाची सुंता. या चारही गोष्टींकडे मी जितक्या वेळा पाहिले आहे तितक्या वेळा मला एकच गोष्ट जाणवली आहे, ती ही, की या साऱ्या घरातल्या गोष्टी आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक कडेवर मूल घेतलेल्या बाईलासुद्धा पार पाडता येतात. ग्रंथ बुडाला तरी धर्म बुडाला नाही, याचे श्रेय मी चुलीजवळच्या त्या अनामिक बायांना देतो.

दावीद रहाबी या आगंतुक गुरूची कथा मला या दृष्टीने अर्थपूर्ण वाटते. हे लोक आपल्याच धर्माचे असावेत असा संशय आल्यावर त्याने त्यांच्या बायांपुढे निरनिराळ्या जातीची मासळी रांधावयास ठेवली. बायांनी खवल्यांची मासळी तेवढी वेगळी काढली आणि बाकीची आमच्या घरात चालत नाही असे सांगितले, तेव्हा त्याची खात्री पटली. वंशाचा दाखला मागावयाचा तो त्याने पुरुषांच्या तोंडून मागितला नाही, स्वयंपाकघरातून मागितला. त्याने ज्यांना शिकवून तयार केले ते या समाजाचे पहिले काजी होत. झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर ही काजींची घराणी त्यांच्यापासून चालली.

अशा एखाद्या तेल्याच्या घरातला दिवस कसा असे, याची कल्पना करणे आपणा मराठी माणसांना कठीण नाही, कारण भाषा, भांडी, लुगडे, मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या ही सारी आपलीच. पहाटे लाकडी घाण्याला बैल जुंपला जाई. त्याच्या डोळ्यांवर झापड बांधलेली, लाट कुरकुरत फिरे, आणि घाण्यावर बसून बैल हाकण्याचे काम घरातल्या थोरल्या मुलाकडे असावयाचे. धाकटे अंगणात पेंडीचे तुकडे वेचीत, आणि तान्हे आतल्या खोलीत झोळीत असे, जिची दोरी घरातली जी बाई रिकामी असेल तिच्या हाती. शुक्रवारी मात्र सगळ्या घराची गती बदले. सूर्य मावळण्याच्या आत दोन वेळांचे अन्न शिजवून झाकून ठेवावयाचे, मुलांना न्हाऊ घालावयाचे, दिव्यात खोबरेल भरून वाती लावावयाच्या, आणि मग घाणा जो थांबे तो शनिवारच्या तिन्हीसांजेपर्यंत थांबे. पुढे धर्माचे ज्ञान पुनः आले तेव्हा शुक्रवारी आशीर्वचन म्हणून प्यावयाच्या पेल्याची भर पडली. परंतु द्राक्षांचा मद्यरस कोकणात मिळावयाचा कोठून? म्हणून काळ्या मनुका भिजत घालून, कुसकरून, फडक्याने गाळून त्यांचे शरबत करण्याची चाल पडली, आणि पावाच्या जागी चपाती आली. मांस आणि दूध एकत्र करावयाचे नाही ही शास्त्राज्ञा; तिचा निवाडा नारळाने केला. कालवणात नारळाचे दूध, गव्हाच्या चिकाच्या हलव्यातही नारळाचेच दूध. नारळाच्या मुलखात येऊन पडणे हे या लोकांचे भाग्यच म्हटले पाहिजे.

घरात बाळंतपण झाले, म्हणजे पहिले दिवस कोकणातल्या कोणत्याही घरासारखेच जात: शेकशेगडी, डिंक, अळीव, बाळंतशेपा, तीट आणि दृष्ट. मुलगा असला तर सारे लक्ष आठव्या दिवसाकडे लागे. त्या दिवशीच्या सुंतेला ‘मिला’ म्हणतात. विधीच्या ठिकाणी एक खुर्ची कापडाने सजवून रिकामी ठेवतात, ती एलियाहू हन्नाबी या प्रेषितासाठी. तो प्रत्येक मिलेला अदृश्य रूपाने हजर राहतो अशी श्रद्धा आहे. बाळाला उशीवर घेऊन येणाऱ्या बाईच्या हातून ते क्षणभर त्या खुर्चीवर टेकवले जाते, मग मांडीवर धरणाऱ्याकडे जाते, आणि त्याच वेळी त्याचे नाव पुकारले जाते. मुलीच्या नावासाठी पाळणा बांधून बारसे करीत, बायका मराठी पाळणे म्हणत, आणि तो समारंभ शेजारच्या मराठा किंवा आगरी घरातल्या बारशाहून ओळखू येऊ नये इतका सारखा असे. बाळंतिणीची शुद्धी मोझेसच्या नियमशास्त्रात सांगितल्याप्रमाणे, मुलगा असल्यास चाळिसाव्या आणि मुलगी असल्यास ऐंशीव्या दिवशी. आपल्याकडे सव्वा महिन्याने बाळंतीण घराबाहेर निघते. ज्या मुलखात शेजारणीचा सव्वा महिना आणि आपले चाळीस दिवस जवळजवळ जुळतात, तेथे मुलग्याच्या वेळचा शास्त्राचा नियम न विसरणे सोपे गेले असावे असे मला वाटते. मुलीच्या ऐंशी दिवसांना मात्र असा शेजारचा आधार नव्हता.

नवसाने झालेल्या मुलाचे जावळ काही वर्षे राखण्याचीही चाल होती. नवस फिटला म्हणजे ते केस काढून, त्यांच्या भारंभार सोने किंवा रुपे तोलून दानधर्म करीत. आणि प्रत्येक आनंदाच्या प्रसंगी मलिदा असावयाचाच. भिजवलेले पोहे, खवलेला ओला नारळ, गूळ अथवा साखर, वेलची आणि सुका मेवा कालवून तबकात रास करावयाची, भोवती फळे मांडावयाची, आणि एलियाहूचे नाव घेऊन एकेका जिनसावर आशीर्वचन म्हणावयाचे. अलिबागेजवळ खंडाळे गावी एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत, तेथूनच तो स्वर्गास गेला, अशी या लोकांची भावना आहे, आणि नवस फेडण्यासाठी आया लेकरांना घेऊन तेथे जात.

मुलाचे नाव एक असे आणि हाक दुसरीच. अब्राहामचा आबाजी, इसहाकचा इसाजी, मोझेसचा मुसाजी, सॅम्युएलचा समाजी, यहेज्केलचा हसाजी. आडनाव गावावरून, केहिमकर, दिवेकर, रोहेकर, पेणकर, नवगावकर. सणांची नावे तर मला मराठी भाषेचे धन वाटतात. नवे वर्ष तो ‘नव्याचा सण’, प्रायश्चित्ताच्या उपवासाचा दिवस तो ‘दारफाळणीचा सण’, कारण त्या दिवशी दार लावून घेऊन घर उपाशी बसे. दुसरा दिवस ‘शिळा सण’. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन तो ‘बिरड्याचा रोजा’. आणि वल्हांडण, ज्यात आंबवलेला पदार्थ घरात चालत नाही, तो ‘अनशी धाक्याचा सण’, आंबट कालवणाची अनस, म्हणजे मडके, झाकून ठेवण्याचा. मुलाला धर्मशास्त्र कळत नसे, पण आई मडके झाकते हे कळत असे. पूर्वी याच सणाला कोकराच्या रक्तात हात बुडवून कागदावर पंजा उठवीत आणि तो कागद दारावर लावीत. मिसर देशातल्या पहिल्या वल्हांडणाच्या रात्री इस्रायलांची ज्येष्ठ मुले वाचली, त्याची ती आठवण.

इंग्रजी अमदानीत घाणा सुटला. पलटणीत भरती होऊन कित्येकजण सुभेदारीपर्यंत चढले. इतर कारकुनीत, बांधकामात, रेल्वेत गेले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आलेल्या समाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत ‘शआर हारहमीम’ हे समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. त्यावरून त्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट हे नाव मिळाले. जॉन विल्सन या मिशनऱ्याने १८३२ साली या समाजासाठी हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत लिहिले, आणि वल्हांडणाच्या रात्री मुलांना ऐकवावयाची हागादा १८४६ मध्ये मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाली. त्या रात्री घरातल्या सर्वांत लहान मुलाने चार प्रश्न विचारावयाचे असतात. आता ते त्याला आईच्या भाषेत समजू लागले. केहिमकर आणि त्यांचे बंधू यांनी १८७५ मध्ये काढलेली शाळा पुढे सर एली कदूरी यांचे नाव घेऊन माझगावात वाढली.

याच समाजातून डॉ. जेरुशा झिराड निघाल्या. जन्म शिमोग्याचा. आडनाव अलिबागेजवळच्या झिराड गावाचे. १९१९ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाची प्रसूतिशास्त्रातील एम. डी. मिळवली, आणि १९२८ पासून १९४७ पर्यंत मुंबईच्या कामा हॉस्पिटलचा कारभार पाहिला. मुंबईत बाळंतिणी किती आणि कशाने मरतात, याची पद्धतशीर चौकशी करणाऱ्या त्या पहिल्या फळीतल्या डॉक्टर होत. ज्या समाजाने आपला धर्म बाळंतिणीच्या खोलीत जतन केला, त्याच्याच लेकीने साऱ्या शहरातल्या बाळंतिणींची काळजी वाहिली, हे वाचताना माझे मन भरून येते.

पुढे इस्रायल राष्ट्र झाले आणि कुटुंबेच्या कुटुंबे निघाली. तेथे त्यांच्यापुढे जो प्रसंग आला तो मला आजही टोचतो. १९६१-६२ च्या सुमारास धर्मपीठाने हुकूम काढला की बेने इस्रायलशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या आईचे, आजीचे, आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांचे कूळ तपासावे. जिने मासळी निवडली होती, शुक्रवारी दिवा लावला होता, मडके झाकले होते, तिच्याच विषयी शंका! बायामाणसे मुले घेऊन जेरुसलेमात धरणे धरून बसली, आणि १९६४ साली इस्रायलच्या संसदेने हे लोक सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे जाहीर केले.

आम्हा इचोडेकरांना या गोष्टीची एक कड ओळखीची आहे. १९५६ च्या प्रांतरचनेत किनवट आणि राजुरा मुंबई राज्याकडे गेले, आम्ही तेलुगू प्रांतात राहिलो. मुलांची शाळा, दफ्तर, सातबाऱ्याच्या जागी येणारी पट्टापुस्तके, सारे तेलुगूत झाले. आमच्या गल्लीत मराठी राहिली ती पाळण्यात, न्हाणीत आणि आजीच्या हाकेत. त्या पितळी वाटीतले तेल आता दुकानातल्या बाटलीतून येते, पण चोळताना म्हणावयाचे ते आजही मराठीतच म्हणतात.

इस्रायलात गेलेली मंडळी नवस फेडण्यासाठी आता हैफा येथील एलियाहूच्या गुहेपाशी जमतात. घरून निघतानाच आया पोहे भिजवून, निथळून घेतात, खोबरे खवून डब्यात भरतात. तेथे पोहोचल्यावर तबकात रास रचली जाते, मांडीवरचे मूल त्यात हात घालू पाहते, आणि कोणीतरी म्हातारी बाई त्याचा हात धरून म्हणते, ‘थांब रे बाळा, आधी नाव घेऊ दे.’